कर्टुले: सगळे नर वेल उपटू नका!



मागच्या आठवड्यात एका सभासदाच्या प्लॉटवर गेलो होतो. वेल जोमदार, फुलं भरपूर, पण बारकी कर्टुली पिवळी पडून गळत होती. चौकशी केली तर कळलं, "फळ देत नाहीत" म्हणून त्यांनी नर वेल सगळेच काढले होते.

कर्टुल्यात नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. परागकण फक्त नर फुलात. ते मिळाले नाहीत तर फळ धरत नाही.

*ओळख:* फूल आल्यावरच कळते. मादी फुलाच्या मागे बारकं काटेरी कर्टुलं दिसतं. नर फुलामागे नुसता देठ.

*प्रमाण:* बियाण्यापासून साधारण निम्मे नर, निम्मे मादी निघतात. एवढे नर नकोत. 10 मादीमागे 1 नर ठेवा, तोही प्लॉटभर विखरून. म्हणजे 50 मादीला 5 नर पुरे.

*आत्ता काय करावे:*
1. मादी वेलाला लाल, नराला पांढरी चिंधी बांधा. मोजा, मगच जादा नर काढा.
2. नर कमी असतील तर संध्याकाळी फुलं उमलली की ताजं नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यभागी हलकं टेकवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं.
3. फुलोऱ्यात संध्याकाळी कीटकनाशक फवारू नका.

वेल वाळले तरी खुणेच्या काठ्या राहू द्या. मादीच्या कंदापासून मादीच येते, पुढच्या लागवडीला तेच कंद वापरा.

शंका असेल तर फुलाचा मागच्या बाजूने फोटो ग्रुपवर टाका.

– आपला कृषी सल्लागार