घड्याळाची पाठ

कीर्तनास जसे पूर्वरंग व उत्तररंग, तशा 'रिव्हर्सो' या स्विस घड्याळास दोन बाजू. सन १९३० च्या सुमारास हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. ते गाऱ्हाणे सीझर द ट्रे या व्यापाऱ्याने स्वित्झर्लंडात पोहोचविले, असे सांगतात. ४ मार्च १९३१ रोजी रने-आल्फ्रेड शोव्हो याने पॅरिसमध्ये पेटंटासाठी अर्ज केला. लांबट चौकोनी डबी चौकटीत सरकवून उलटली की काच आत आणि धातूची पाठ बाहेर!

आज ते उंची पोशाखाबरोबर शोभते. तथापि मालकांचा जीव जडतो तो त्या पाठीवरच. घाव सोसण्यासाठी घडविलेल्या त्या कोऱ्या पाठीवर कुणी आद्याक्षरे, तर कुणी विवाहतिथी कोरवून घेतो. घड्याळ सुलटे असता ती अक्षरे मनगटास टेकून राहतात; जगास दिसते ती केवळ वेळ. ही योजना आम्हांस फार भावते.

वाचकहो, सणाच्या साफसफाईत वडिलांचे असे घड्याळ हाती आले, तर झळाळीच्या हौसेने ते वारंवार पॉलिश करवू नये. प्रत्येक घासणीबरोबर धातू झिजतो, अक्षरे पुसट होतात. ओरखडे राहिले तरी चालतील. नाव राहिले पाहिजे.