पायरीवरच्या चपला

गेल्या वैशाखात एका दुपारी आमच्या स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत फरशीवर चार-पाच लाल ठिपके दिसले. आधी वाटलं, कुंकू सांडलं असेल. ठिपक्यांमागं गेलो तर आई पाटावर बसून वाती वळत होती आणि तिच्या उजव्या टाचेत साडीला लावायची पिन अर्धीअधिक घुसलेली होती. तिला पत्ताच नव्हता. वीस वर्षांच्या मधुमेहानं तळपाय बधिर झालेले.

डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि म्हणाले, "आजी, आजपासून घरातसुद्धा चप्पल घालायची. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही."

आई रिक्षात बसेपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "पायतान घालून देवापुढं जाऊ का मी आता?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. चपला बाहेर काढायच्या हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. संध्याकाळी त्यांवरच्या चपला पाहून कोण आलंय, कोण यायचंय ते कळतं. वाळूजच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून भाऊ येतो, तेव्हा त्याचे लोखंडी टोपीचे जड बूट सगळ्यात खालच्या पायरीवर असतात. एखादी चप्पल उलटी पडली असेल तर येणारा-जाणारा ती सुलटी करतो. उलट्या चपलेनं घरात भांडण होतं, एवढंच त्याला माहीत असतं. इतक्या मुरलेल्या सवयीला डॉक्टरांनी एका वाक्यात हात घातला होता. ही सवय आली कुठून, हे म्हणून शोधायला लागलो.

आईचं माहेर गंगापूर तालुक्यातलं. तिथल्या घराची जमीन पांढऱ्या मातीची, चोपून बसवलेली, शेणानं सारवलेली. सारवणाचा थर नखाएवढा. खिळे मारलेल्या जाड वहाणा घालून कुणी त्यावरून एकदा फिरलं तरी पोपडे निघायचे आणि ते भरून काढायला घरातल्या बाईला पुन्हा शेण कालवावं लागायचं. त्याच जमिनीवर जेवणाच्या पंगती बसत, त्याच जमिनीवर वाकळ टाकून पोरं झोपत, तिथंच धान्य निवडलं जाई, पापड वाळत आणि बाळंतिणीची बाजही तिथंच पडे. दुसरीकडं वहाणेच्या तळाला गोठ्यातलं शेण आणि बाभळीचे काटे. अशा घरात पायताण उंबऱ्याबाहेर ठेवणं हा धर्म असण्याआधी व्यवहार होता. धर्म त्यावर नंतर चढला, असं माझं मत आहे. शहागंज-सिटी चौकाकडच्या जुन्या मुसलमान घरांतही जोडे दाराशीच निघतात. तिथंही दस्तरखान जमिनीवर अंथरला जातो आणि नमाजाची जागा पाक लागते. देव वेगळे असले तरी जमिनीशी नातं एकच.

पुढं मातीच्या जागी शहाबादी फरशी आली. ज्या शहाबादवरून तिला नाव मिळालं ते गाव आज कर्नाटकात असलं तरी तेव्हा आपल्याच निजामी मुलखात होतं. आता चकचकीत टाइल्स आहेत, जेवायला टेबल आहे. बूट घालून फिरलं तर टाइलचं काही बिघडत नाही. तरी रांगतं मूल आजही जमिनीवरच असतं आणि श्रावणातली पंगतही. आमच्या शहरात तर आणखी एक कारण आहे. जायकवाडीचा नाथसागर जेमतेम पन्नास किलोमीटरवर असून कित्येक वसाहतींत नळाला आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा पाणी येतं. दारात पाय धुवायला भरून ठेवलेली बादली त्यामुळंच गेली आणि पायपुसणं आलं. फरशी पुसायचं पाणी मोजून घ्यावं लागतं, तिथं रस्त्याची धूळ आत न येऊ देणं हीच मोठी बचत.

या व्यवहाराचा लेखी माग मला सापडला तो बौद्ध विनयपिटकात. अजिंठ्याच्या १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या चित्रांच्या लेण्यांत आज आपण जोडे काढून जातो. तो नियम पुरातत्त्व खात्याचा. पण विहारात येणाऱ्या पाहुण्या भिक्खूनं कसं वागावं, हे विनयाच्या चुल्लवग्गात फार बारकाईनं सांगितलंय. आवारात शिरण्यापूर्वी पायताणं काढावीत, खाली धरून झटकावीत, हातात घेऊन आत यावं. पाय धुताना एका हातानं पाणी ओतावं आणि दुसऱ्यानं पाय चोळावेत, दोन्ही कामं एकाच हातानं करू नयेत. पायताणं पुसताना आधी कोरडं फडकं घ्यावं, मग ओलं. धूळ आधी कोरडीच झटकावी, नाहीतर तिचा चिखल होतो, हे रोज केर काढणाऱ्या कुणालाही पटेल. त्याच पिटकातल्या महावग्गात सोण कोळिविस नावाच्या सुकुमार भिक्खूची गोष्ट आहे. अनवाणी चंक्रमण करून त्याच्या तळव्यांतून रक्त आलं, तेव्हा बुद्धांनी भिक्खूंना एकेरी तळाची पायताणं वापरायची मुभा दिली. आईच्या टाचेतली पिन पाहिल्यापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नियम घालणाऱ्यानं रक्त पाहिलं आणि नियम बदलला.

पण चप्पल काढण्याला दुसराही एक इतिहास आहे. तो स्वच्छतेचा नव्हे, सत्तेचा.

आपलं शहर निजामांची पहिली राजधानी. १७६३ मध्ये ती हैदराबादला गेली, पण १९४८ पर्यंत आपण निजामाच्याच अमलाखाली होतो. त्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंटसुद्धा जोडे काढून खाली बैठकीवर बसत असे. १८६९ च्या फेब्रुवारीत निजाम अफजलउद्दौला वारले आणि तीन वर्षंही पुरी न झालेले महबूब अली खान गादीवर आले. हीच वेळ साधून रेसिडेंट साँडर्स यांनी बुटांसह येण्याचा आणि खुर्चीवर बसण्याचा हट्ट धरला आणि तो पुरा करून घेतला. त्याच काळात इंग्रजांच्या कचेऱ्यांत उलटा न्याय चालू होता. १८६२ मध्ये सुरतेच्या कोर्टात माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांना जोडे काढायला सांगितलं गेलं आणि त्यावरून मोठा वाद पेटला. सरकारनं पुढं जो तोडगा काढला त्याचा मथितार्थ असा, की विलायती बूट पायात चालतील, देशी जोडे मात्र काढावे लागतील. म्हणजे प्रश्न धुळीचा नव्हताच.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट आपल्या गावांतली आहे. चावडीवरून, पाटलाच्या वाड्यावरून जाताना दलितांनी पायातलं काढून हातात घ्यायचं, ही रीत महाराष्ट्रात किती खोल होती हे दलित आत्मकथनं वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ज्यांनी कातडं कमावलं, वहाण शिवली, त्यांनाच ती पायात घालून मिरवायची बंदी. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण अजून सहज बोलून जातो. ती माणसांबद्दल आहे, हे विसरतो. बाबासाहेबांनी १९५० साली इथं महाविद्यालय सुरू केलं, नागसेनवन उभं राहिलं, तेव्हा ज्या समाजावर ही बंदी होती त्यातली मुलं पायात चपला-बूट घालून वर्गात जाऊन बसू लागली. त्या बुटांचं मोल आपल्या पायरीवरच्या चपलांशी तोलता येणार नाही. पैठणला गोदेच्या तापल्या वाळूत पोळणारं अस्पृश्याचं पोर एकनाथांनी कडेवर उचललं, ही कथा आपण भक्तीनं ऐकतो. ते पोर अनवाणी का होतं, हेही विचारायला हवं.

आपल्या उंबऱ्याशी आपण होऊन चप्पल काढणं आणि दुसऱ्याच्या पायातली काढायला लावणं, या दोन गोष्टी दिसायला सारख्या आहेत आणि एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत. गॅसची टाकी खांद्यावर घेऊन जिना चढलेल्या माणसाला दारात वाकून बूट काढायला लावणं मला म्हणूनच पटत नाही. आमच्याकडं दारामागं एक जुनं पोतं असतं. तो आला की ते अंथरायचं.

विज्ञान काय म्हणतं? ॲरिझोना विद्यापीठाच्या चार्ल्स गर्बा यांनी २००८ मध्ये लोकांना नवे जोडे घालायला देऊन दोन आठवड्यांनी तळ तपासले. ९६ टक्के जोड्यांवर कोलिफॉर्म जिवाणू निघाले. या अभ्यासामागं एक बूट कंपनी होती हे ध्यानात ठेवावं, आणि तळाला जिवाणू असले म्हणजे घरातलं माणूस आजारी पडतंच असंही नव्हे. पण शहराचा कचरा जिथं टाकला जाई त्या नारेगावच्या लोकांनी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्यावर आपल्या रस्त्यांवर जे ढीग साचले, त्यातून चालत घरी आलेल्या कुणालाही प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज वाटणार नाही. बाहेरची चप्पल बाहेरच राहावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रश्न आईसारख्यांचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांनी घरात काय किंवा बाहेर काय, अनवाणी चालू नये, नुसत्या मोज्यांवरही चालू नये, अशी या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची स्पष्ट सूचना आहे. कारण साधं आहे. काटा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. न कळलेली जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ येते. बाजारात यासाठी एमसीआर चपला मिळतात. त्यांचा तळ मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचा असतो. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठीही आपल्याकडं हाच तळ वापरतात. मागं पट्टा असलेली घ्यावी, म्हणजे पायातून निसटत नाही.

आईसाठी असे दोन जोड आणले, कातड्याचा अंशही नसलेले. पहिले आठ दिवस ते कपाटाखालीच राहिले. मग एका सकाळी तिनं स्वतःच एक जोड साबणानं धुतला, उन्हात वाळवला आणि पायात घालून देवघरात गेली. म्हणाली, "याला रस्ता माहीत नाही. हे माझ्यासारखंच घरातलं." दुसरा जोड न्हाणीघरासाठी. रस्त्याची चप्पल आजही पायरीवरच असते.

नरकचतुर्दशीला पहाटे घरातल्या थोरांना उटणं लावाल, तेव्हा पाठ चोळून झाल्यावर त्यांचे तळपायही हातात घ्या आणि दिव्याच्या उजेडात नीट पाहा. टाच, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. मधुमेह असेल तर हे रोज पाहायला हवं.