पाच क्विंटलांची एक गाठ

वणी, राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा, यवतमाळ जिल्ह्यात कुठेही जा, रस्त्याच्या कडेला जिनिंगच्या पत्र्याच्या शेड दिसतात. त्यातल्या काही ऐन हंगामातही बंद असतात. यंत्रं धड असतात, मजूर मिळतात, कापूस तर समोरून गाड्या भरभरून जात असतो. घोडं अडतं पैशापाशी. का, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस सरकारी यंत्रणेनंच घ्यायचा आणि जिनिंगवाल्यानं ठरल्या मजुरीवर रुई-सरकी वेगळी करून द्यायची. माल सरकारचा, तेजी-मंदीही त्याचीच. (शेतकऱ्यांचे चुकारे रखडत आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडे कापूस चोरून जाई, ती कथा वेगळी.) 2002 मध्ये खासगी खरेदीला मुभा मिळाली. कालपर्यंत मजुरी घेणारा आता व्यापारी झाला. भांडवल मात्र त्याच्याकडे मजुरीवाल्याचंच होतं.

आता हिशेब बघू. एक गाठ म्हणजे 170 किलो रुई. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, म्हणजे गाठीला पाच क्विंटल कापूस. शंभर गाठींचा एक लॉट धरला तर 500 क्विंटल झाले. भाव 7,000 धरा: 35 लाख रुपये. तेही रोख. शेतकऱ्याला कृषी केंद्राची उधारी फेडायची असते, तो चुकाऱ्यासाठी का थांबेल?

रिझर्व्ह बँकेनं 2010 साली सूक्ष्म-लघु उद्योगांकडून 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नका, असं बँकांना बजावलं. दहा लाखांत 143 क्विंटल कापूस येतो, जेमतेम 28 गाठी. 35 लाखांच्या कॅश क्रेडिटला बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्यात येत नाही, म्हणून ती बँकेला नको असते. शेडची जागा पुष्कळदा चार भावांच्या नावावर असते आणि सहीला एक भाऊ येत नाही.

त्यात जीएसटी. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा 5 टक्के कर जिनिंगवाल्यालाच भरावा लागतो. तो पुढे वळता होतो हे खरं, पण माल विकला की. जानेवारीत घेतलेल्या त्या 35 लाखांच्या कापसाचे पावणेदोन लाख फेब्रुवारीत रोख भरायचे आणि रुई मे महिन्यात गेली तर तोवर त्यातले बरेचसे अडकले.

मालाच्या खरेदीतही जोखीम असते. फाटकावर गाडी आली की मालक वरचा कापूस बघत नाही. कोपरापर्यंत हात आत घालून मधली मूठ काढतो, सरकी दाताखाली धरतो. कट् आवाज आला तर माल वाळलेला. नुसती चेपली तर ओल आहे, आणि ती ओल कापसाच्या भावानं विकत घेतली जाते. मोठ्या जिनिंगला असा एखादा ट्रक पचतो. छोट्याचा त्या आठवड्याचा नफा तिथेच जातो.

सरकी लवकर विकावी लागते, आणि बरंच आहे ते: तेल आणि ढेपवाले ती उचलतात, कापसाच्या किमतीचा अंदाजे तिसरा हिस्सा मोकळा होतो, त्यावर पुढची खरेदी चालते. रुईचं तसं नाही. तिच्या भावाच्या दोऱ्या दूरवर असतात. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं, सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आयात स्वस्त झाली की सूतगिरणी इथल्या रुईचाही भाव पाडून मागते. शिवाय पैसे रखडतात. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या, असं 2006 चा कायदा सांगतो. पण पुढच्या वर्षी त्याच गिरणीला माल द्यायचा असताना तक्रार कोण करणार?

सरकार बाजूला झालं की मोठ्यांचं फावतं, हे इतरत्रही दिसलं. उझबेकिस्ताननं 2020 मध्ये कापसाची सरकारी सक्ती उठवली. तिथे शेतीपासून सुतापर्यंत सगळं हाती असलेल्या मोठ्या समूहांनी जागा व्यापली. आपल्याकडे इतकं झालं नाही, पण वारं त्याच दिशेचं.

भाव हमीभावाखाली गेले की भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) खरेदीला उतरतं आणि जिनिंगला पुन्हा मजुरीचं काम मिळतं. घरचं भांडवल लागत नाही, म्हणून छोट्याला हे सर्वांत सोयीचं. पण निविदेत यंत्रांच्या क्षमतेच्या, गाठी बांधायच्या प्रेसच्या, आग विझवण्याच्या सोयीच्या अटी असतात. मोजकीच डबल रोलर यंत्रं असलेली, प्रेस नसलेली शेड तिथे बसत नाही. मग छोटा मालक हंगामापुरती शेड मोठ्या व्यापाऱ्याला भाड्यानं देतो. भाडं लवकर ठरतं. घासाघीस होते ती वीजबिल कुणी भरायचं यावर.