आपल्याच अंगाचा पत्ता

२१ जून २०२३च्या सकाळी जबलपूरच्या गॅरिसन मैदानावर हजारो माणसांनी चटया अंथरल्या होत्या. पंतप्रधान त्या दिवशी न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या आवारात योगदिन साजरा करत होते. देशातला मुख्य कार्यक्रम जबलपूरला झाला आणि त्याला उपराष्ट्रपती जगदीप धनखड आले होते. तिथून कटनीच्या रस्त्याला लागले की चाळीसेक किलोमीटरवर सिहोरा लागते. सिहोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात योग म्हटला की आता हेच दृश्य डोळ्यांपुढे येते: पटांगण, ध्वनिक्षेपक, आकडे मोजणारा आवाज आणि एकदम वर जाणारे हात.

उंचावरून काढलेल्या छायाचित्रात ते सगळे हात सारखे दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर एकाचे खांदे हातांबरोबर कानांपर्यंत चढलेले असतात, दुसऱ्याने दात आवळलेले असतात, तिसरा श्वास घ्यायचाच विसरलेला असतो. गंमत अशी की त्यांना विचारले तर तिघेही प्रामाणिकपणे सांगतील, ‘छे, मी तर अगदी सैल उभा होतो.’ खोटे कोणीच बोलत नाही. आपल्याच खांद्याकडून आलेली खबर त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते, एवढेच.

ही खबर पोचवणारी एक वेगळी यंत्रणा शरीरात असते. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच आपल्याला शाळेत शिकवतात. ही सहावी बहुतेक पुस्तकांतून निसटते. डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावता येते, अंधारात जिना उतरता येतो, घास बरोबर तोंडात जातो, ते तिच्यामुळे. स्नायूंच्या आत सूतकताईच्या चातीच्या आकाराचे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेला, किती वेगाने ताणला गेला, हे ते मेंदूला कळवत राहतात. स्नायूबंधांतले संवेदक ओढ किती आहे ते सांगतात आणि सांध्यांतले संवेदक त्यात आपली भर घालतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६मध्ये या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असे नाव दिले. मज्जासंस्थेवरच्या कामासाठी त्यांना १९३२चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मराठीत ‘शरीरभान’ म्हटले तरी काम भागते.

ही जाणीव हरपली तर काय होते, याचे एक विलक्षण उदाहरण वैद्यकाच्या नोंदीत आहे. १९७१मध्ये एका १९ वर्षांच्या इंग्रज तरुणाला विषाणूसंसर्ग झाला आणि त्यानंतर मानेखालच्या शरीराचे भान पूर्णपणे गेले. स्नायूंत ताकद होती, हात हलत होते, पण ते कुठे आहेत हे त्याला कळत नव्हते. अनेक महिने खपून तो पुन्हा बसायला, उभे राहायला, चालायला शिकला, तेही प्रत्येक हालचालीवर नजर रोखून. खोलीतला दिवा गेला की तो जमिनीवर कोसळे.

आपली गोष्ट त्याच्या उलट आहे. यंत्रणा शाबूत, पण लक्ष नाही. दिवसाचे आठ तास दुकानाच्या गल्ल्यावर किंवा संगणकापुढे बसणाऱ्याच्या मानेतले स्नायू ‘आम्ही आखडलो’ असे सांगत असतात. मेंदू ते रोजचेच म्हणून बाजूला सारतो आणि एके दिवशी वाकून बादली उचलताना उसण भरते. मग आपण दोष बादलीला देतो.

या अंतर्गत बातमीदाराला पुन्हा कामाला लावण्याचे शास्त्र योगात कसे घडले, हे पाहायचे तर सिहोऱ्याच्या परिसरातूनच निघता येते. या भागातून वाहणारी हिरण नदी पुढे नर्मदेला मिळते. नर्मदेच्या काठाने पश्चिमेला जात राहिले की गुजरातेत मालसर नावाचे गाव येते. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी परमहंस माधवदास नावाचे एक वृद्ध, मूळचे बंगाली साधू राहत. त्यांच्याकडे शिकलेल्या दोघा तरुणांनी आधुनिक योगाचे वळणच बदलले. त्यांपैकी मणिभाई देसाई पुढे श्री योगेंद्र झाले आणि त्यांनी १९१८मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद.

गुणे यांचा जन्म १८८३चा, बडोदा संस्थानातल्या डभईचा. संस्कृतातली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा मुलगा बडोद्याला प्रोफेसर माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत तालीम करत होता. माती, लाठी, जोर-बैठका हे त्याचे पहिले शिक्षण. अमळनेरच्या शाळा-महाविद्यालयात तो पुढे शिक्षक झाला, प्राचार्य झाला. योगाकडे तो आला तो असा: अंगाने तालीमबाज, बुद्धीने पंडित आणि स्वभावाने शंकेखोर. ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

माधवदासांकडे त्याने पाहिलेल्या क्रियांत नौली होती. हठप्रदीपिकेने सांगितलेल्या सहा शुद्धिक्रियांपैकी ही एक. ज्याने ती प्रत्यक्ष पाहिली नाही त्याला वर्णनावरून पटणे कठीण. माणूस किंचित वाकून, तळहात मांड्यांवर टेकून उभा राहतो. सगळा श्वास बाहेर टाकतो. मग श्वासाची वाट बंद ठेवून, जणू श्वास घेतोच आहे अशा बेताने बरगड्या फुलवतो. हवा आत येऊ शकत नसल्याने श्वासपटल वर ओढले जाते आणि पोट पाठीला जाऊन भिडते, हा उड्डियान. एवढे झाले की पोटाच्या मधोमध बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत उभे गेलेले दोन स्नायू तेवढे तो पुढे काढतो. बाजूचे सारे पोट खोल गेलेले आणि मध्ये जाड दोरखंड ताणल्यासारखा उभा पट्टा. मग तो पट्टा उजवीकडे जातो, डावीकडे जातो, आणि तरबेज माणूस त्याला भोवऱ्यासारखा फिरवतो.

इथे ताकदीपेक्षा निवड अधिक आहे. आपले स्नायू सहसा टोळीने काम करतात. पोट आवळा म्हटले की पुढचे, कडेचे, आतले सगळे एकदम आवळले जातात. नौलीत शेजाऱ्यांना गप्प बसवून एकालाच बोलायला लावायचे असते. म्हणूनच शिकणारा पहिले कित्येक आठवडे दमतो तो जोर लावून. जोर लावला की सगळेच स्नायू जागे होतात आणि पट्टा उमटतच नाही. एखाद्या सकाळी कडेचे पोट सैल राहते, हातांचा दाब मांडीवर नेमका पडतो आणि तो उभा पट्टा अचानक दिसतो. आपण काय वेगळे केले हे त्याला पहिल्यांदा सांगताही येत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मात्र वाट सापडते. नवशिक्या तबलजीचा हात खांद्यापासून पडतो आणि उस्तादांची बोटे मनगट ढिले ठेवून बोलतात, त्यातला प्रवासही असाच असतो. तेव्हा ही मक्तेदारी योगाची नव्हे. इतकी बारीक निवड पोटासारख्या, ज्याच्याकडे कोणी लक्षच देत नाही अशा भागात करून दाखवणे, ही करामत मात्र योग्यांची.

गुणे यांना प्रश्न पडला की आत नेमके काय होते? बस्ती नावाच्या जुन्या क्रियेत योगी पाण्यात बसून आतड्यात पाणी ओढून घेत. अपान वायू ते खेचतो, असे परंपरा सांगे. गुणे यांनी १९२०नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्रापुढे नौली आणि उड्डियान करवून घेतले, आतड्यातला दाब मोजला. नौलीत तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो असे दिसले. पाणी वर चढते ते या दाबाच्या फरकामुळे. त्यांनी या पोकळीला गुरूंचे नाव दिले, ‘माधवदास पोकळी’. गुरूचे नाव देऊन गुरुपरंपरेतला एक समज दुरुस्त करण्याची ही रीत मोठी लोभस आहे.

१९२४मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून हे प्रयोग छापले. योगाची प्रयोगशाळा ही कल्पनाच तेव्हा अनेकांना विचित्र वाटली असणार. १९६६मध्ये कुवलयानंदांचे निधन झाले.

त्याच १९६६ साली योगावरचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले, बी. के. एस. अय्यंगार यांचे ‘लाइट ऑन योग’. अय्यंगार कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे, पण १९३७मध्ये पुण्याला शिकवायला आले आणि २०१४मध्ये अखेरपर्यंत पुणेकरच राहिले. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय यांनी पोखरलेले त्यांचे शरीर. अशा माणसाला आपल्या अंगातला प्रत्येक कोपरा मनधरणी करूनच जागा करावा लागला आणि तेच पुढे त्यांचे तंत्र झाले.

त्यांच्या पद्धतीत ताडासन, म्हणजे नुसते उभे राहणे, हे मोठे प्रकरण आहे. वजन टाचेवर जास्त की चवड्यावर? एका पायावर की दोन्हींवर? अंगठ्याच्या मुळाशी दाब येतो का? गुडघ्याच्या वाट्या वर ओढलेल्या आहेत की लोंबताहेत? आपण चुकीचे उभे राहतो याचा पुरावा त्यांनी फार घरगुती ठिकाणी दाखवला: जोड्यांच्या झिजलेल्या तळव्यांत. वाचकाने दारातल्या चपला आत्ताच उलट्या करून पाहाव्यात. एका टाचेची बाहेरची कड गेलेली असेल आणि दुसरीची आतली, तर पायांनी गेली दोन वर्षे काय केले याचा लेखी जबाबच हाती येतो.

ज्याला खांदा कुठे आहे हे आतून कळत नाही त्याला ते बाहेरून कळवायचे, म्हणून अय्यंगारांनी लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, खुर्च्या आणि भिंतीला बांधलेले दोर वापरले. १९७५मध्ये सुरू झालेल्या, त्यांच्या पत्नीच्या नावाच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत ही साधने आजही आहेत. त्रिकोणासनात हाताखाली ठोकळा आला की हात जमिनीला टेकवण्याची घाई संपते, आणि मागचा पाय आतून सुटला आहे याकडे लक्ष जायला सवड मिळते. या साधनांना काही लोक कुबड्या म्हणून हसले. हसणे चुकीचे होते. कुबडी वजन पेलते, ठोकळा माहिती देतो.

१९५२मध्ये मुंबईत त्यांची गाठ व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याशी पडली. मेन्युहिन थकलेले, झोप नीट नाही. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवले आणि ते गाढ झोपी गेले. पुढे मेन्युहिन यांनी त्यांना एक घड्याळ भेट दिले आणि त्यावर ‘माझे सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक’ अशा अर्थाचा मजकूर कोरून घेतला. अय्यंगारांनी व्हायोलिन कधी शिकवले नव्हते.

शवासनाला आपल्याकडे तासाच्या शेवटची सुट्टी समजतात. वास्तविक स्नायूंवरच्या ताब्याची खरी परीक्षा तिथेच असते, कारण सोडायचे काय हे कळल्याशिवाय सोडता येत नाही. पडल्या पडल्या पाच मिनिटांनी लक्षात येते की जीभ टाळूला चिकटलेली आहे, भुवया ओढलेल्या आहेत, एक मूठ अर्धी मिटलेली आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना हे पडून राहणे पद्धतशीर शिकवले. सहकाऱ्यांत कैवल्यधामचे डॉ. विनेकरही होते. सावकाश, पोटाने श्वास, नाकपुड्यांतल्या गार-कोमट स्पर्शाकडे लक्ष आणि एकेक अवयव सैल. १९६९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार औषध न घेणाऱ्यांचा दाब उतरला आणि घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मात्रा कमी करता आली. अभ्यास लहान होता, आजच्या कसोट्यांना तेवढा पुरणार नाही, आणि तो वाचून कोणी आपली गोळी आपणच बंद करू नये.

घरी सुरुवात करायची तर भिंतीच्या हाताच्या अंतरावर एका पायावर उभे राहावे आणि डोळे मिटावेत. दुसऱ्याच क्षणी घोट्याभोवतीचे बारीक स्नायू धडपडू लागतात. ती धडपड म्हणजेच शरीरभान; तोल गेला तर भिंत आहेच. वयस्करांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी हे डोळे उघडे ठेवूनच करावे. नौलीच्या वाट्याला मात्र पुस्तक वाचून किंवा मोबाइलवर पाहून जाऊ नये. ती रिकाम्या पोटी आणि जाणत्या शिक्षकासमोरच करायची असते. गरोदरपण, हर्निया, वाढलेला रक्तदाब, पोटातले व्रण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर मुळीच नाही. सिहोऱ्याकडच्या मराठी घरांना लोणावळा आणि पुणे दूर पडतात. नागपूर त्यामानाने जवळ, आणि तिथे जनार्दनस्वामींनी १९५१मध्ये सुरू केलेल्या योगाभ्यासी मंडळात योग विनामूल्य शिकवतात.