अपराध आणि अरण्य

वैनगंगेच्या पश्चिम तीरावरचे व्याहाड चंद्रपूर जिल्ह्यात मोडते आणि नदी ओलांडताच गडचिरोली जिल्ह्याची हद्द लागते. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही तीर एकाच चंद्रपूर जिल्ह्याचे होते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी अमलात आली आणि २७ मे २०२१ च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठली. परिणामी जी बाटली एका तीरावर रीतसर कर भरलेला माल म्हणून दुकानाच्या फळीवर उजळ माथ्याने उभी असते, तीच दुसऱ्या तीरावर पोहोचताच मुद्देमाल ठरते आणि तिला नेणारा इसम गिऱ्हाइकाचा आरोपी होतो. मनुष्य तोच, कृती तीच, मनातील हेतूही तोच. बदलली ती केवळ हद्द. अपराधशास्त्राचा अभ्यास ज्यांना चोरी आणि खुनाच्या उदाहरणांपासून आरंभावासा वाटतो त्यांना तसे करू द्यावे. परंतु या शास्त्राचा मूळ प्रश्न, म्हणजे अपराध हा मनुष्याच्या ठायी असतो की कायद्याच्या ठायी, हा या दोन वनजिल्ह्यांत जितका उघडा पडतो तितका शहरातील कचेऱ्यांत क्वचितच पडत असेल.

कायदेपंडितांनी फार पूर्वीपासून अपराधांचे दोन वर्ग मानले आहेत. खून, बलात्कार, दरोडा ही कृत्ये स्वरूपतःच गर्हणीय, म्हणून जवळजवळ प्रत्येक समाजाने ती निषिद्ध मानली. उलट काही कृत्ये केवळ निषेध झाला म्हणून अपराध ठरतात. शिवाय कृत्यामागे सदोष मन असावे, अशीही एक जुनी अट आहे. चंद्रपुरातील शेतकरी रानडुकरांपासून धान राखण्यासाठी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतो आणि त्या तारेवर वाघ मरतो, तेव्हा त्याचा हेतू वाघ मारण्याचा नव्हता हे कोणीही मान्य करील. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे तेवढ्याने त्याची सुटका होईलच असे नाही. हेतू निरागस, कृती घातक आणि परिणाम भयंकर, अशा या त्रिकोणात ‘गुन्हेगार’ हा शब्द उच्चारताना विचारी मनुष्याची जीभ थोडी अडखळावी.

आता सिद्धांतांकडे वळू. १७६४ मध्ये इटलीतील बेक्कारिया याने प्रतिपादन केले की मनुष्य लाभहानीचा हिशेब करून वागतो, म्हणून शिक्षेचा क्रूरपणा नव्हे तर तिची निश्चिती अपराधाला आवर घालते. एका शतकानंतर, १८७६ मध्ये, त्याच देशातील लोंब्रोझो या वैद्याने अपराधी जन्मतःच निराळा असतो, त्याच्या कवटीत आणि जबड्यात आदिमानवाच्या खुणा सापडतात, असा सिद्धांत मांडला. तो पुढे शास्त्राने टाकून दिला हे खरे. पण माणसे जन्मतःच अपराधी ठरवण्यासाठी आपल्याकडील इंग्रज सरकारला लोंब्रोझोच्या ग्रंथाची वाट पाहावी लागली नव्हती. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदण्याची व्यवस्था त्याने पाच वर्षे आधीच करून ठेवली होती. १९५२ मध्ये त्या कायद्याचा अंमल संपला. पारध्यांच्या कपाळावरचा शिक्का मात्र पोलीसपाटलाच्या स्मरणात आणि गावकऱ्यांच्या संशयात टिकून राहिला. हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहिले की विचलन हा कृतीचा गुण नसून इतरांनी नियम लावून केलेल्या नामकरणाचा परिणाम आहे. विदर्भातल्या एखाद्या पारधी म्हातारीला ते ऐकून काही नवे समजले असते असे मला वाटत नाही.

परंतु शिक्क्याचा सिद्धांत व्यक्तीपुरता राहतो; अरण्यात तो साऱ्या जीवनक्रमाला लागू होतो, आणि तेथेच मला थांबावेसे वाटते. मालगुजारी आणि जमीनदारी जंगलांत गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क होते: जळण, घराचे फाटे, कुंपणाचे काटे, बांबू, चराई. हे हक्क वाजिब-उल-अर्जात आणि निस्तारपत्रकात, म्हणजे गावच्या हक्कनोंदींत, दाखलही होत. तत्कालीन मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने जमीनदारी संपुष्टात आली, ते रान सरकारजमा झाले, आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या अमलाखाली काल जो हक्क होता तो हळूहळू सवलत बनला, सवलतीचा परवाना झाला, आणि परवान्यावाचून केलेली तीच गोष्ट वनगुन्हा म्हणून नोंदली जाऊ लागली. पंचनामा, जप्ती, दंड आणि तडजोड यांचे कागद रंगले. त्याच काळात बल्लारपूरच्या कागद गिरणीला करारान्वये सरकार याच जिल्ह्यांतला बांबू देत होते. डोक्यावर चार बांबू नेणारी गोंड बाई चोर आणि ट्रकांनी बांबू नेणारी गिरणी कंत्राटदार, हा भेद बांबूत नव्हता, वाहून नेण्याच्या कृतीतही नव्हता.

हा अनुभव केवळ आपला नाही. ऱ्हाईनच्या प्रांतसभेत जंगलातील वाळकी लाकडे वेचणाऱ्यांना चोर ठरवण्याचे विधेयक चर्चिले गेले, त्यावर १८४२ मध्ये चोवीस वर्षांचा कार्ल मार्क्स वर्तमानपत्रात लिहिता झाला, आणि गरिबांचा रूढ हक्क मालकाच्या फायद्यासाठी गुन्हा कसा बनवला जातो याचे विश्लेषण त्याच्या पहिल्या आर्थिक लेखनांपैकी ठरले. पुढे १९३८ मध्ये थोरस्टेन सेलिन याने संस्कृतिसंघर्षाचा सिद्धांत मांडला: दोन समाजांचे आचारनियम एकमेकांवर आदळतात तेव्हा एकाचा सदाचार दुसऱ्याच्या कायद्यात अपराध ठरतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे ऐंशीच्या दशकात गावकऱ्यांनी सागवानी लाकडाचा गोटूल उभारला. गावाच्या दृष्टीने ते तरुणांचे संस्कारकेंद्र होते, वनखात्याच्या दृष्टीने विनापरवाना तोडलेल्या सागाचा ढीग. खात्याने तो पाडला, आणि गावकऱ्यांनी पुन्हा बांधला. सेलिनचा सिद्धांत इतक्या उघड रीतीने क्वचितच घडताना दिसतो.

येथे एक आक्षेप मला स्वतःलाच घेतला पाहिजे. कायदाच गुन्हे निर्माण करतो, असे एकदा म्हटले की ताडोब्यातील वाघाच्या वाटेवर लोखंडी सापळा लावून ठेवणारा शिकारीही निष्पाप भासू लागतो. तसा तो मुळीच नाही. कातडे आणि हाडांच्या व्यापारासाठी टोळ्या आंतरराज्य साखळीने काम करतात, आणि तेथे १९७९ मध्ये कोहेन व फेल्सन यांनी मांडलेला दैनंदिन व्यवहाराचा सिद्धांत उपयोगी पडतो: उद्युक्त अपराधी, योग्य सावज आणि समर्थ राखणदाराचा अभाव, ही तिन्ही एका स्थळी व एका वेळी एकत्र येतात तेव्हा गुन्हा घडतो. उन्हाळ्यात रानातले पाणी आटते, सारे वन्यजीव मोजक्या पाणवठ्यांवर येतात, आणि शिकाऱ्यालाही तेवढेच पाणवठे राखावे लागतात. म्हणून मार्च ते जूनच्या दरम्यान वनरक्षकाची गस्त कोठे असावी हे या सिद्धांताने सांगता येते. अपराध्याच्या मनाचा शोध न घेताही गुन्हा रोखता येतो, ही या विचाराची व्यावहारिक शक्ती आहे.

अपराध्यांची गणना करताना आणखी एक वर्ग निसटतो. एडविन सदरलँडने १९३९ मध्ये पांढरपेशा अपराधाकडे बोट दाखवले, आणि तुरुंगाच्या आकड्यांवरून गरिबीला गुन्ह्याचे कारण ठरवणाऱ्या पंडितांची पंचाईत केली. शेजारच्या बस्तरात १९९० च्या दशकात उघडकीस आलेले मालिक मकबुजा प्रकरण त्याला उत्तम उदाहरण म्हणून चालले असते: आदिवासींच्या खासगी जमिनीवरील साग व्यापाऱ्यांनी कवडीमोलाने विकत घेतला आणि खुद्द महसूल व वनअधिकाऱ्यांचा त्यांना हातभार लागला. तेथे कुऱ्हाडीपेक्षा शिक्का अधिक कामास आला.

दारूबंदीचा वाद मात्र या सर्व सिद्धांतांना एकत्र ओढून आणतो. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदी मागत चिमूरहून नागपूरला पायी गेलेल्या चंद्रपूरच्या स्त्रिया बेक्कारियाचे नाव ऐकून गेल्या नव्हत्या. त्यांच्या घरी मार होता, मजुरीचा पैसा गुत्त्यावर जात होता, आणि या साऱ्यात गुन्हा म्हणून नोंद होईल असे फारच थोडे होते. त्यांना हवी होती ती दुःखाची कायदेशीर नोंद. उलट २०२१ मध्ये बंदी उठवताना सरकारने रमानाथ झा समितीचा आधार घेतला आणि अवैध विक्री, बनावट दारू व त्या धंद्यात ओढल्या गेलेल्या बायकामुलांकडे बोट दाखवले. रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये मांडलेले मत, म्हणजे समाज पैशाची आस लावतो पण तो सरळ मार्गाने मिळू देत नाही तेव्हा आडमार्ग रुजतो, येथे नकळत गृहीत धरलेले होते. दोन्ही बाजूंच्या हाती शास्त्र होते. माझा कल स्त्रियांकडे आहे, कारण बंदीने गुन्हे वाढले असे म्हणताना आकड्यांत पकडलेले गुन्हे मोजले जातात, बंदीपूर्वी न मोजलेला मार त्या आकड्यांत नसतो. तरीही अंमल न करता कायदा करणे हा बेक्कारियाच्या दृष्टीने सर्वांत वाईट पर्याय, आणि या प्रकरणी दोन्ही तीरांवर ते थोडेफार घडलेले आहे.

आता पुन्हा बांबूकडे येऊ. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. त्या कायद्याखाली मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवान्यावरून वनखाते अडून बसले, कारण १९२७ च्या कायद्यातील व्याख्येत बांबू हा वृक्ष होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. बांबू हा शब्द वृक्षाच्या व्याख्येतून २०१७ च्या अखेरच्या वटहुकमाने वगळला गेला; तोवर एका गवताला वृक्ष म्हणण्याच्या कलमाखाली किती पंचनामे झाले असतील! आता कोणती तोड रीतसर आणि कोणती बेकायदा हे त्या रानात प्रथम ग्रामसभा ठरवते, आणि मेंढ्याच्या देवाजी तोफा यांच्यासारखी माणसे हे अधिकार एकमताने वापरण्याचा आग्रह धरतात. दुर्खाइमने १८९५ मध्ये म्हटले होते की अपराध हा समाजाच्या सामान्य स्थितीचाच भाग आहे, कारण जो समाज रेषा आखतो तोच ती ओलांडणारा निर्माण करतो. मेंढ्यातही ग्रामसभेचा नियम मोडणारा कोणी तरी निघणारच; फरक एवढाच की त्याला समज देणारे त्याचे नाव, घर आणि शेत ओळखतात.