दिव्यांग अपत्य व कौटुंबिक अर्थनियोजन

दिव्यांग अपत्याचे संगोपन, उपचार व शिक्षण आणि मातापित्यांच्या पश्चात त्याचा निर्वाह यांसाठी कुटुंबाने उत्पन्न, बचत व मालमत्ता यांची केलेली दीर्घकालीन व्यवस्था. सामान्यतः अपत्य मिळवते झाले, की पालकांची आर्थिक जबाबदारी संपते. तीव्र बौद्धिक वा बहुविध दिव्यांगत्वात मात्र ती आजन्म राहू शकते. त्यामुळे पालकांचे वार्धक्य व अपत्याचे उर्वरित आयुष्य अशा दोहोंची तरतूद एकाच मिळकतीतून करावी लागते.

भौतिकोपचार, वाचोपचार, साहाय्यक साधने व प्रवास हे प्रत्यक्ष खर्च होत. संगोपनासाठी पालकांपैकी एकाने, बहुधा आईने, नोकरी सोडल्यास बुडणारे उत्पन्न हिशेबात सहसा धरले जात नाही. अशा कुटुंबाचा सर्व भार एका मिळवत्या व्यक्तीवर पडतो. म्हणून तिचा आयुर्विमा व काही महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक यांना अग्रक्रम द्यावा लागतो.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. आयकराच्या जुन्या पद्धतीत अवलंबित दिव्यांगासाठी ७५,००० रुपये व दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये वजावट मिळते.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार रोग वा व्यंग यांमुळे कोणीही वारसाहक्कास मुकत नाही. तथापि मालमत्ता मिळणे व ती सांभाळता येणे या भिन्न गोष्टी होत. अपत्य १८ वर्षांचे होताच पालकांचे नैसर्गिक पालकत्व संपते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविध दिव्यांगत्व यांबाबत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये जिल्ह्यातील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते. अशा पालकास मालमत्तेची यादी सहा महिन्यांत व हिशेब दरवर्षी सादर करावा लागतो.

भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खाजगी न्यास स्थापून अपत्याच्या हितासाठी मालमत्ता विश्वस्तांकडे सोपविता येते. भावंडाने सांभाळ करावा, या तोंडी अपेक्षेवर संपत्ती त्याच्या नावे केल्यास दिव्यांग अपत्याचा हक्क अनिश्चित राहतो आणि भावंडावरही हिशेब नसलेले ओझे पडते. इच्छापत्र, पालकनियुक्ती व न्यास यांत सुसंगती असावी लागते. त्यांच्यासोबत अपत्याची औषधे, आहार, सवयी आणि त्याला वाटणारी भीती यांची लेखी नोंद ठेवणेही आवश्यक ठरते. कारण ही माहिती बहुधा केवळ मातापित्यांनाच असते.