लंडन ते पॅरिस : किती मैल, किती वेळ?

लंडनहून पॅरिस किती लांब? नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर अंतर भरते सुमारे ३४५ किलोमीटर, म्हणजे २१४ मैल. जेट विमानाचा वेग तासाला ८०० किलोमीटर धरून त्रैराशिक मांडा. उत्तर येते सव्वीस मिनिटे. पण वेळापत्रक उघडावे, तर तेथे सव्वा तासाच्या खाली कोणी बोलायला तयार नाही! मग मधली पन्नास मिनिटे जातात कुठे?

पुष्कळशी जमिनीवरच. विमान जागचे हलले की वेळापत्रकातला प्रवास सुरू होतो, आणि उतरून पुन्हा जागेवर उभे राहिले म्हणजे संपतो. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, तेव्हा उड्डाणासाठी रांग ही ठरलेलीच. शिवाय एवढ्याशा पल्ल्यात विमान वर चढते न चढते तोच उतरणीला लागते. भरवेगाने धावायला त्याला सवड अशी थोडीच मिळते. पॅरिसहून लंडनला येताना आणखी एक गंमत. लंडनभोवती विमानांनी थांबायच्या चार जागा आकाशात नेमलेल्या आहेत. गर्दी असली की आपली पाळी येईपर्यंत तेथे घिरट्या घालीत राहायचे.

बरे, विमान सरळ रेषेतही जात नाही. आकाश मोकळे दिसले तरी त्यात वाटा आखलेल्या आहेत, आणि त्यांच्यामागे एक दुःखद कहाणी आहे. लंडन-पॅरिस रोजची विमानसेवा २५ ऑगस्ट १९१९ रोजी सुरू झाली. आजच्या हीथ्रोजवळच्या हाउन्स्लोहून निघालेल्या त्या विमानात प्रवासी एकच. बाकी वर्तमानपत्रे, सायीच्या बरण्या आणि शिकारीचे पक्षी! भाडे २१ पौंड, वेळ सुमारे अडीच तास. त्या काळी वैमानिक खालचे रस्ते नि रूळ पाहत वाट काढीत. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्सवर धुकट हवेत दोन विमाने एकाच रस्त्याचा माग धरून समोरासमोर आली आणि एकमेकांवर आदळली. सात माणसे दगावली. त्यानंतर जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची वाट वेगळी ठेवण्याची निकड सर्वांनाच पटली. आजच्या वळशाची चार-दोन मिनिटे म्हणून कोणी कुरकुरू नये.

घड्याळाचा घोटाळा निराळाच. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या तासभर पुढे. पॅरिसहून नऊला निघालात, तर लंडनला सव्वानऊ-साडेनऊलाच उतराल! सूर्याच्या हिशेबाने पाहिले तर दोन्ही शहरांची वेळ जवळजवळ एकच; पण १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस घेतले आणि तेथली घड्याळे बर्लिनला जुळवली. जर्मन गेले, वेळ तेवढी राहिली.

आता खरा सवाल. युरोपची सहल आखणाऱ्या कुटुंबाने विमान घ्यावे की आगगाडी? हीथ्रो लंडनच्या मध्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर, पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळही तसाच दूर. जाणे-येणे, तपासणी, सामानाची वाट पाहणे हे सारे जमेस धरले की सव्वा तासाचे सहज चार-पाच तास होतात. उलट १९९४ मध्ये खाडीखालचा पन्नास किलोमीटरचा बोगदा खुला झाल्यापासून आगगाडी एका शहराच्या भर वस्तीतून निघते आणि दुसऱ्याच्या भर वस्तीत पोचते. तिचा रस्ता लांबचा, सुमारे ४९० किलोमीटरचा. तरी वेळ लागतो सव्वादोन तासांच्या आसपास. पासपोर्टाची तपासणी गाडीत बसण्यापूर्वीच होते, म्हणून तासभर आधी स्टेशनावर हजर राहावे. तो तास धरूनही आमचे मत आगगाडीलाच. मुलांना खाडीचे पाणी दाखवायचे असेल तर मात्र विमानाची खिडकी हवी, आणि दिवसही निरभ्र हवा.